विरजणाची वाटी

ओट्यावर दह्याची वाटी धुऊन पालथी घातलेली होती. एवढंच. सकाळी डबा पिशवीत कोंबताना ती मला दिसली आणि दिसूनही दिसली नाही; लिफ्ट आली होती, अकराला सेमिनार होता, आणि जे. पी. नगरहून मारतहळ्ळीच्या पलीकडे आमच्या विद्यापीठात पोचायचं म्हणजे सिल्क बोर्डच्या चौकात आयुष्याचा एक तुकडा टाकूनच पुढे जावं लागतं. बस त्या चौकात शिरली, ठरल्यासारखी अडकली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि त्या अचानक शांततेत मला ती परत दिसली. वाटी पालथी. म्हणजे आईने विरजण ठेवलं नाही. आमच्या घरात दही संपत नाही, संपू दिलं जात नाही. बाबांची बदली बंगळूरला झाली तेव्हा आई पुण्याहून रेल्वेत मांडीवर डबा धरून विरजण घेऊन आली होती आणि आपण अजून त्याच दह्याचं दही खातो, असं ती सांगते. खरं असेल, नसेल. पण तळचं चमचाभर बाजूला काढल्याशिवाय ती कुणाला वाटी पुसून खाऊ देत नाही. जितेंद्रने, माझ्या भावाने, लहानपणी एकदा ते खाल्लं तर तो रडत असताना तिने त्याला वाटी घेऊन शेजारच्या जमनाबाईंकडे विरजण मागायला पाठवलं होतं. बाबा गेले त्या रात्रीसुद्धा, घर माणसांनी भरलेलं असताना, ती उठून आत गेली आणि दुधाला विरजण लावून आली, आणि मला तिचा इतका राग आला होता की मी तोंड फिरवलं. ज्याला उद्या दही खायचंय तो आज विरजण ठेवतो. आज तिने ठेवलं नव्हतं. मी तिथूनच फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला.

मी काय शिकते हे मला कुणाला धड सांगता येत नाही. आई बायकांना सांगते, ‘आमची देवू यंत्राला पुढचा विचार करायला शिकवते’, आणि त्या बायका माझ्याकडे अशा बघतात की आधी स्वतः शिक म्हणावं. आहे ते साधं आहे. माणूस कुठे उभा आहे, त्याला कुठे पोचायचंय आणि मध्ये काय काय करता येतं, एवढं दिलं की पावलांचा क्रम शोधून काढायचा. याला नियोजन म्हणतात. माझं काम त्याच्या उलट. पावलं दिसतात, माणूस कुठे निघालाय ते ओळखायचं. कुणी पातेलं काढलं, पाणी घातलं, गॅस पेटवला. चहा की भात? अजून दोन्ही. आलं किसायला घेतलं की भात मागे पडला. सरळ रस्ता सोडून माणूस जिथे वळसा घेतो तिथे त्याचा हेतू उघडा पडतो, हे माझ्या चार वर्षांचं सार. फक्त एक गोष्ट प्रोग्रामला आधी हातात द्यावी लागते: त्या माणसाला काय काय हवं असू शकेल, त्या शक्यता. त्या आपण ठरवायच्या. मग तो बघत बसतो आणि दर पावलाला एकीचा आकडा वर नेतो, दुसरीचा खाली आणतो. गेले दोन महिने मी हे माझ्या आईवर करत होते. ठरवून नाही हो, सवयीने. शक्यता तीन. एक, ती नुसतं घर आवरतेय. दोन, तिला जितेंद्रकडे पुण्याला राहायला जायचंय. आणि तिसरी. तिसरीला मी मनातसुद्धा नाव दिलं नव्हतं. बाबा गेल्यावर कधीतरी जेवता जेवता ती म्हणाली होती, ‘आता कशासाठी ओढायचं गं’, आणि लगेच मला भाजी वाढली होती. तेव्हापासून ती तिसरी माझ्या डोक्यातून गेली नव्हती.

सुरुवात बाबांच्या स्वेटरांनी झाली. बाबा, म्हणजे श्रीकांत, सरकारी कारखान्यात आयुष्यभर इंजिनियर, आणि ‘ही काय थंडी!’ म्हणत जून महिन्यातही अंगात स्वेटर. त्यांचं कपाट दोन वर्षं आम्ही कुणी उघडलं नव्हतं. एक दिवस मी चार्जर शोधायला उघडलं तर कप्पा रिकामा. ‘स्वेटर गं?’ म्हटलं, तर आई म्हणाली, ‘दिले’, आणि कुकरची शिट्टी काढायला गेली. बस्स, तिथून माझे डोळे तिच्यावर. मग दिसतच गेलं. मसाल्याच्या डब्यांवर तिने चिठ्ठ्या चिकटवल्या. ज्या गोड्या मसाल्याला तिने मला जन्मात हात लावू दिला नव्हता, तो एका रविवारी समोर बसवून शिकवला, आणि मी धणे जास्त भाजले तरी ओरडली नाही. ओरडली नाही! बाबांची हत्यारांची पेटी इलेक्ट्रिशियनला देऊन टाकली. दूध निम्मं केलं. घराची जादा किल्ली जमनाबाईंना दिली. मी खोलीत गेले की तिचा फोन संपायचा. आणि मी? मी तिच्या गोळ्यांच्या पाकिटात डोकावायचे, ती देवळात गेली की कपाट चाळायचे, दुपारी ‘लॅबमधली लाइट गेली’ म्हणत घरी टपकायचे. एक दिवस बाथरूमच्या आतली कडी स्क्रूसकट काढून टाकली आणि सांगितलं, गंजली होती. आई कडीच्या चार भोकांकडे बघत राहिली. रात्री बाल्कनीतून जितेंद्रला फोन केला. ‘तू ना देवश्री, जरा जास्तच विचार करतेस,’ तो म्हणाला. ‘बरं, पण समजा वेळ आली तर तुझ्याकडे ती मागची खोली आहे ना रिकामी?’ मी हळू आवाजात विचारलं. आत दिवाणखान्यात टीव्ही चालू होता. निदान मला तरी तसं वाटलं.

तिला सरळ विचारावं हे माझ्या डोक्यात का आलं नाही, हे मला कुणी विचारू नये. आलंच नाही. आमच्या विषयात बघणारा काचेच्या अलीकडे असतो. तो बोलत नाही, बघतो. आणि आमच्या घरातही, सांगायचं तर, बोलायची पद्धत नव्हती. बाबांना छातीत दुखायला लागून महिना झाला होता ते आम्हाला त्यांनी जिना चढताना थांबण्यावरून कळलं. सगळं ओळखायचं. भाजीत मीठ कमी पडलं तर आई ते बाबांच्या भुवईवरून ओळखायची. अशा घरातली मुलगी या विषयात पडली यात नवल ते काय.

विद्यापीठात पोचेपर्यंत मी सात-आठ वेळा फोन लावला असेल. मग जमनाबाईंना लावला. जमनाबाई आमच्या शेजारच्या. त्यांचं घराणं म्हणे चारशे वर्षांपासून याच मुलखात, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नडात शिरतात आणि परत येतात. ‘अग, बाजारात गेली असेल अक्का. तू स्वल्प शांत रहा. बघून सांगते, सरी?’ मीही ‘सरी, बरं’ म्हटलं आणि सेमिनारला उभी राहिले. थीसिस जमा करायच्या आधीचा सेमिनार. यात पाय घसरला की सहा महिने गेले. फोन टेबलावर उताणा ठेवला होता आणि माझा एक डोळा तिकडे. पडद्यावर माझा स्वयंपाकघराचा नकाशा, त्यात हलणारा ठिपका, बाजूला वरखाली होणाऱ्या तीन पट्ट्या. मी बोलत होते, आवाज ठीक येत होता, आणि आत दुसरंच गणित चाललं होतं: स्वेटर, पेटी, किल्ली, वाटी. नुसतं आवरणाऱ्या बाईला विरजण टाकायचं कारण काय? पहिली पट्टी जमिनीला टेकली. पुण्याला जाणारी बाई सांगेल ना? तिकीट काढेल, लाडू करेल, आठ दिवस आधीपासून डोकं खाईल. दुसरीही उतरली. माझ्या मागे पडद्यावर तिसरी पट्टी वर वर चढत होती, ती ठिपक्याची होती, पण मला ती आईची दिसत होती.

श्रीहर्ष सरांनी हात वर केला. सर माझे गाइड; सावकाश बोलतात, आणि त्यांचा प्रश्न आला की वर्गातले सगळे खुर्चीत सावरून बसतात. ‘देवश्री, ज्याच्याकडे बघतोय त्याला कळलं, की आपल्याला कुणी बघतंय, तर?’ मी म्हटलं, ‘सर, त्याला कळत नाही असं आपण धरून चालतो.’ ‘का धरून चालतो?’ ‘गणित सोपं होतं.’ लोक हसले. सर हसले नाहीत. ‘आपलं गणित सोपं व्हावं म्हणून समोरचा माणूस आंधळा होतो का?’ मला उत्तर येत होतं, म्हणजे त्या प्रश्नावरचे दोन शोधनिबंध मला येत होते, तोंड उघडलंही होतं, आणि फोन थरथरत टेबलावर सरकायला लागला. जमनाबाई. मी सगळ्यांसमोर फोन उचलला. ‘अग, बेल मारून मारून बोट दुखलं. अक्का दार उघडत नाही. आत पाण्याचा आवाज येतोय.’ ‘किल्ली आहे ना तुमच्याकडे?’ ‘आहे की. पण आतून कडी लावलीय, दार हलत नाही.’ दिवसाढवळ्या आई मुख्य दाराला आतून कडी घालत नाही. कधीच नाही. मी सरांकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. ‘जा,’ ते म्हणाले. ‘प्रश्न कुठे पळून जात नाही.’

रिक्षावाल्याला मी तीन भाषांत लवकर म्हटलं. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि ‘टेन्शन माडबेडि मेडम’, टेन्शन घेऊ नका, म्हणून गाडी सर्व्हिस रोडला घातली, तिथेही सगळं तुंबलेलं. मी किती मूर्ख आहे! बाथरूमची कडी काढली, मुख्य दाराची कोण काढणार? पाणी चालू आहे, म्हणजे ती बाथरूममध्ये आहे, आणि उत्तर देत नाहीये. मी वॉचमनला फोन केला, म्हटलं सुतार आणा, दार फोडा, तर तो म्हणाला सेक्रेटरींची परवानगी लागेल. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. उन्हात शेजारच्या बसचं पोट माझ्या चेहऱ्यावर गरम धूर सोडत होतं, आणि मला एकदम आठवलं, लहानपणी मी बाथरूममध्ये अडकले होते. कडी घट्ट बसली होती आणि मी आत किंचाळत होते, आणि आई बाहेरून अगदी रोजच्या आवाजात सांगत होती, ‘डावीकडे ढकल. आता वर. आता थांब. आता परत डावीकडे.’ जराही आवाज न कापता. बाहेर आले तेव्हा तिच्या हाताचे तळवे लाल झाले होते, दारावर आपटून आपटून, ते मी किंचाळत असताना मला ऐकूच आलं नव्हतं. एवढी मोठी झाले आणि मी तिला दाराबाहेरून दोन शब्द विचारू शकले नाही. ‘आई, काय चाललंय तुझं?’ चार शब्द. मी रिक्षात मोठ्याने रडायला लागले. रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

जिन्यात जमनाबाई उभ्या होत्या, हातात किल्ली, चेहरा पडलेला. मी दारावर दोन्ही हात आपटले. ‘आई! आई!’ आणि आतून अगदी रोजच्या आवाजात, ‘आले गं आले, घर पाडशील की काय?’ कडी सरकली. दारात आई. डोक्यावरून न्हालेली, केसांना पंचा, अंगावर बाहेर जायची मोतिया साडी. ‘तू आत्ता कशी? सेमिनार झाला?’ मी तिला धरलं, म्हणजे अक्षरशः दंडाला धरून हलवलं. ‘दाराला आतून कडी का घातलीस? काय करत होतीस? फोन का नाही उचलत?’ ‘सगळे पडदे धुतले, मग न्हाले. नळाच्या आवाजात काय ऐकू येतं? फोन चार्जिंगला.’ ‘पण कडी?’ ‘बाथरूमची तू काढून टाकलीस,’ ती म्हणाली. ‘जमनाबाईंकडे किल्ली आहे. कुणी एकदम आत आलं म्हणजे? मी बाहेरची लावून घेते हल्ली.’ जमनाबाई पाठीमागून म्हणाल्या, ‘सरी, मी जाते, माझं सारू गॅसवर आहे,’ आणि गेल्या. मी भिंतीला टेकले. आणि मग मला शू रॅकच्या बाजूला उभी केलेली निळी बॅग दिसली.

‘कुठे चाललीस?’

‘जितूकडे. संध्याकाळची बस आहे. सेमिनार होऊ दे, मग सांगू म्हटलं. उगाच तुझं लक्ष कशाला घालवायचं.’ ती खुर्चीवर बसून केस पुसायला लागली. ‘तू त्याला खोलीचं विचारत होतीस ते ऐकलं मी. टीव्हीचा आवाज मी बंद केला होता. रागावले नाही हं. तुझंही वय चाललंय. दोन वर्षं माझ्यापायी अडकलीस. गोळ्या तपासतेस, कपाट उचकतेस, जमनाबाईंना विचारतेस मी दुपारी काय करते. बाथरूमची कडी काढलीस, तेव्हा कळलंच. म्हाताऱ्या माणसांचं तसंच करतात. मग म्हटलं, कुणी जा म्हणायच्या आधी आपणच उठावं. घर तुझ्या हाताखाली नीट लावून द्यावं. मसाले शिकवावे.’ मला वाटलं माझ्या कानात कुणी पाणी ओतलंय. ‘अगं पण तू सुरुवात केलीस! बाबांचे स्वेटर!’ ‘स्वेटर?’ तिने पंचा खाली घेतला. ‘कसर लागली होती त्यांना. सगळे खाल्लेले. तुला दाखवले असते तर रडत बसली असतीस. चांगले दोन वॉचमनला दिले, बाकीचे टाकले.’ कसर. दोन महिने, एवढी पावलं, एवढ्या पट्ट्या, आणि मुळाशी कसर! मी तिला बघत होते म्हणून ती आवरत होती, आणि ती आवरत होती म्हणून मी तिला बघत होते. मला हसू आलं आणि ते हसू मध्येच भलतीकडे गेलं. ‘मला वाटलं तू...’ मी म्हटलं. पुढे बोलता येईना. पण आमच्या घरात ओळखतात. तिचा हात थांबला. ‘वेडी आहेस का?’ ती म्हणाली, आणि मग, बाल्कनीकडे बघत, ‘बाबा गेले तेव्हा आला होता विचार. येतो गं. पण दुसऱ्या दिवशी दारात दूध येतं ना. त्याचं काहीतरी करावंच लागतं.’

मी तिच्या पायाशी फरशीवर बसले. ‘मी गेले असते तर,’ तिने विचारलं, ‘सुटल्यासारखं नसतं वाटलं तुला?’ मी एक क्षण थांबले, आणि ती माझं थांबणं बघत होती हे मला कळत होतं. नाही म्हणायला जीभ वळेना. ‘वाटलं असतं,’ मी म्हटलं. ‘दोन दिवस.’ ‘दोन दिवस मलाही वाटलं असतं,’ आई म्हणाली. खाली भाजीवाल्याची आरोळी आली, नेहमीची. मला एकदम भीती वाटली, रिक्षातल्यापेक्षा जास्त, कारण आता जे विचारायचं होतं त्याच्या शक्यता माझ्याकडे तयार नव्हत्या. एकही नव्हती. ‘आई, तुला काय हवंय?’

हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता की काय, देव जाणे. ती गोंधळली. पंचाची घडी केली, उलगडली, परत केली. ‘खरं सांगू?’ ‘सांग ना.’ ‘मला जितूकडे जायचंच नाहीये. त्याच्या त्या बाराव्या मजल्यावर माझा जीव गुदमरतो. मला इथेच राहायचंय. पण एकटीला.’ ‘म्हणजे?’ ‘म्हणजे तू जा. ते तुझे सर वर्षभर परदेशी जा म्हणतात, तिथे जा. नाहीतर हॉस्टेलवर जा. दोन वर्षं तू इथे दिवाणखान्यात झोपतेस, आणि मी पाणी प्यायला उठले तरी तुझा श्वास थांबतो. कळतं मला. मला माझ्या घरात एकदा कुणी न बघता बसायचंय, देवू. रडायचं असेल तर रडेन. नाहीतर टीव्ही लावेन.’ लागलं ते मला. फार लागलं. मी हिच्यासाठी सगळं सोडून बसले होते ना, असं जगाला आणि सरांना सांगत फिरत होते. आणि तिला हवं होतं ते माझ्या तिन्ही शक्यतांत कुठेच नव्हतं. नाक पुसून मी म्हटलं, ‘उरलेला सेमिनार पुरा करते, पुढच्या महिन्यात थीसिस जमा करते, मग जाते. चालेल?’ ‘चालेल,’ ती म्हणाली, आणि तिनेही नाक पुसलं. ‘आणि त्याआधी ती कडी लाव.’

बसचं तिकीट रद्द केलं. जितेंद्रला मी कळवलं, तो म्हणाला तुम्ही दोघी धन्य आहात. मग मला वाटी आठवली. ‘विरजण का नाही ठेवलंस?’ मी विचारलं. आई चकित झाली. ‘ठेवलं नाही कसं? जमनाबाईंकडे ठेवायला दिलं सकाळी. तू कुठली रोज लावतेस! मेलं असतं ते.’ मी वाटी घेऊन शेजारी गेले. जमनाबाईंनी काही न विचारता चमचाभर दही घातलं. ‘स्वल्पच आहे, पण पुरतं,’ त्या म्हणाल्या. परत आले तेव्हा गॅसवर दूध कोमट होत होतं आणि आई स्टुलावर चढून वरच्या फळीवर हात घालत होती. नेहमीचं मोठं भांडं ओट्यावर होतं, आणि फळीच्या मागून तिने एक लहान भांडं काढलं, एका माणसापुरतं, आणि पदराने पुसलं. माझ्या डोक्यात परत पट्ट्या हलायला लागल्या. म्हटलं, आजपासूनच? इतकी घाई? मी गप्प बसणार होते. मग विचारलं, ‘लहान का काढलंस?’

‘आहे का बघत होते,’ आई म्हणाली. ‘पुढच्या महिन्यात लागेल.’ तिने ते बाजूला ठेवलं आणि दूध मोठ्या भांड्यात ओतलं.